फारकत की घटस्फोट? माझे चौदा महिने

३ डिसेंबर २०२४ ला माझा घटस्फोट झाला. लग्न डिसेंबर २००२ मधलं, सांगलीचं. मध्ये बावीस वर्षं गेली.

आमच्यात मारहाण नव्हती, दारू नव्हती, तिसरं माणूस नव्हतं. बोलणं संपलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये माझे बाबा करोनाने गेले, तेव्हा तेरा दिवसांत लेकीचे बाबा एकदाच येऊन गेले. माझ्यापुरतं तेव्हाच काहीतरी मिटलं. ते राज्य सरकारी नोकरीत आहेत. जून २०२२ मध्ये त्यांची विदर्भात बदली झाली. मी आणि लेक पुण्यातच राहिलो, तिची दहावी नुकतीच झाली होती. सुरुवातीला महिन्यातून एकदा येत. मग दिवाळीला आले, ते शेवटचं. त्यानंतर फोन फक्त फीचे, गॅसचे आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचे.

सप्टेंबर २०२३ मध्ये गणपतीच्या दिवसांत त्यांनीच फोनवर विषय काढला. "असं लटकत किती दिवस राहायचं? काहीतरी ठरवू या." मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. रात्रभर झोप नव्हती. गेलेल्या संसाराचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त भीती होती ती 'घटस्फोटित' या शब्दाची. वय ४५, एका खासगी कार्यालयात हिशेबाचं काम, पगार २८ हजार.

घरात पहिल्यांदा सांगितलं ते दादाला. तो म्हणाला, "घटस्फोट कशाला? ज्युडिशियल सेपरेशन घे. वेगळी राहा, पण कागदावर बायको राहा. त्यांचं पेन्शन जुनं आहे, उद्या काही झालं तर फॅमिली पेन्शन तुलाच." आईला हे फार पटलं. ज्युडिशियल सेपरेशनला ती फारकतच म्हणते. ती म्हणाली, "फारकत म्हणजे काही मोडणं नाही. दार ओढून घेतल्यासारखं." मलाही ते सोपं, मऊ वाटलं. निर्णय झाला आहे असं समजूनच मी वकिलांकडे गेले.

ऑक्टोबर २०२३. पहिल्या वकिलांची सल्ल्याची फी १००० रुपये, पाऊण तास. ते नाव सांगणार नाही. मी सांगितलं, मला न्यायिक विभक्तता, म्हणजे ज्युडिशियल सेपरेशन, हवी आहे, भांडण नको आहे. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "मारायचे का? सासू छळायची? हुंड्याचं काही?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "काहीतरी आठवा. त्याशिवाय अर्ज उभा राहत नाही. क्रूरता लिहावी लागेल." मला वाटलं त्यांना माझं म्हणणं कळलं नाही. मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि वर म्हणाले, "चार गोष्टी मी घालतो, तुम्ही फक्त सही करा."

तिथून निघाले ते थेट घरी न जाता संभाजी बागेत जाऊन बसले. ज्या माणसाने एवढ्या वर्षांत हात उगारला नाही, त्याच्यावर मी छळ लिहायचा? आणि तो कागद उद्या लेकीने वाचायचा?

मात्र त्या वकिलांची एक गोष्ट खरी होती. ती मला नंतर नीट समजली, आणि या सगळ्यातलं मला समजलेलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

नोव्हेंबरमध्ये कामावरच्या एका ताईंनी मला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं नाव सांगितलं. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मला वाटत होतं ते फक्त अगदी गरिबांसाठी असतं, म्हणून जाताना संकोच वाटला. तसं काही नसतं. आधारकार्डाची प्रत घेऊन जा, एक साधा अर्ज लिहून घेतात. मला तिथे ज्या वकीलबाई भेटल्या त्यांनी हिंदू विवाह कायद्याचं लहान पुस्तक उघडून समोर ठेवलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं.

कलम १० न्यायिक विभक्ततेचं. त्यासाठी कारणं तीच लागतात जी कलम १३ मध्ये घटस्फोटाला लागतात: क्रूरता, परित्याग, व्यभिचार वगैरे. परित्याग म्हणजे सोडून जाणं, तेही अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं. आमची तेव्हा दोन वर्षं भरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते बदलीवर गेले होते, मला टाकून गेले नव्हते. म्हणजे उरली क्रूरता. 'दोघांच्या संमतीने न्यायिक विभक्तता' अशी वेगळी तरतूदच या कायद्यात नाही. संमतीची तरतूद आहे ती घटस्फोटाला, कलम १३ब मध्ये, १९७६ साली घातलेली. तिथे कोणावरही काहीही आरोप करावा लागत नाही. तीनच गोष्टी सांगायच्या: एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ वेगळे राहतो आहोत, एकत्र राहणं जमलेलं नाही, आणि लग्न संपवायचं असं दोघांनी मिळून ठरवलं आहे.

मी तो मजकूर दोनदा वाचला. ज्याला आम्ही सगळे सौम्य समजत होतो त्या रस्त्यावर एकमेकांची उणीदुणी काढून ती सिद्ध करायची होती. ज्याला आम्ही भीत होतो तिथे शांतपणे दोन सह्या करायच्या होत्या.

मी विचारलं, "नातं संपलं आहे, एवढं कारण पुरत नाही का?" त्या म्हणाल्या, नाही. कौटुंबिक न्यायालयाला तेवढ्यावर घटस्फोट देता येत नाही. १ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लग्न पूर्ण मोडकळीला आलं असेल तर घटनेच्या कलम १४२ खाली स्वतः घटस्फोट देता येईल असं सांगितलं आहे, पण तो अधिकार फक्त त्या न्यायालयाचा.

मग मी पेन्शनचं विचारलं. न्यायिक विभक्त झालेली बायको कायद्याने बायकोच राहते, त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क घटस्फोटात संपतो तसा तिथे आपोआप संपत नाही, हे दादाचं म्हणणं बरोबर होतं. पण वकीलबाईंनी पुढचं पान उलटलं. कलम १३(१अ). विभक्ततेचा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) झाल्यावर एक वर्ष किंवा जास्त काळ दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत, तर दोघांपैकी कोणीही त्या कारणावर घटस्फोट मागू शकतो. म्हणजे मी आज फारकत घेतली, तरी वर्षाने लेकीचे बाबा घटस्फोटाचा अर्ज करू शकले असते. पेन्शनच्या आशेवर मी पहिल्या खटल्यात आरोप करायचे, आणि दुसऱ्या खटल्यात ते पेन्शनही जायचं.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली जी आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हती. वारसा दोन्ही बाजूंनी चालतो. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या पहिल्या वारसांत मुलं आणि नवरा दोन्ही येतात. विभक्त राहिले असते तर माझ्या वाट्याच्या घरात तेही वारस राहिले असते.

त्या रात्री मी हिशेबाच्या वहीत मध्ये रेघ मारून दोन्ही बाजू लिहिल्या. सवयच ती. फारकतीच्या बाजूला शेवटी एवढंच उरलं: आईचा शब्द, आणि पुन्हा एकत्र आलो तर नव्याने लग्न लावावं लागणार नाही. दुसरी गोष्ट मी बराच वेळ बघत बसले. आपण पुन्हा एकत्र येऊ, असं मला आतून वाटतं का? वाटत नव्हतं. मग ती ओळ खोडली.

ज्यांना खरंच वाटतं त्यांनी मात्र तो रस्ता नक्की विचारात घ्यावा. पुढे न्यायालयात मला एक मुलगी भेटली, लग्नाला सात महिने झालेले. घटस्फोटाचा अर्ज लग्नानंतर वर्षाच्या आत सहसा करता येत नाही, न्यायिक विभक्ततेला ती अट नाही. तिला आधी सुरक्षित अंतर हवं होतं, बाकीचं नंतर. तिच्यासाठी तेच योग्य होतं. ज्यांना धर्मामुळे किंवा मनामुळे घटस्फोट मान्यच नाही, त्यांच्यासाठीही. समेट झाला तर न्यायालय विभक्ततेचा हुकूमनामा रद्द करू शकतं.

आणि कृपा करून एक करू नका. स्टॅम्प पेपरवर 'आम्ही राजीखुशीने वेगळे झालो' असं लिहून, नोटरीचा शिक्का मारून, त्याला घटस्फोट समजू नका. माझ्या मावसबहिणीने ते केलं होतं. काही समाजांत रूढीने चालत आलेली सोडचिठ्ठी कायदा मानतो, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. एरवी तुम्ही कायद्याने विवाहितच असता. (मी लिहिते ते सगळं हिंदू विवाह कायद्यातलं. नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल, ख्रिश्चन किंवा मुस्लिम असाल, किंवा लग्न गोव्यातल्या नागरी कायद्याखालचं असेल, तर नियम वेगळे आहेत.)

डिसेंबरमध्ये ते पुण्यात आले तेव्हा स्वारगेटजवळच्या एका हॉटेलात आम्ही भेटलो. मी त्यांना वही दाखवली. ते शांतपणे वाचत होते. मग म्हणाले, "तू माझ्यावर क्रूरता लिहिणार होतीस?" मी म्हटलं, "नाही लिहिणार. म्हणूनच तुम्हाला बोलावलं." चहा गार झाला. त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या. लेकीची बारावी होईपर्यंत कोणताही कागद हलवायचा नाही. आणि तिला आम्ही दोघांनी मिळून सांगायचं, एकाने नाही.

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिची परीक्षा झाली. शेवटच्या पेपरनंतर चार दिवसांनी आम्ही सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मी वाट बघत होते तुम्ही कधी सांगता." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. फेब्रुवारीत तिला अठरा पूर्ण झाली होती, त्यामुळे ताब्याचा प्रश्न आला नाही. तरी अविवाहित मुलीच्या खर्चाची जबाबदारी वडिलांवर असतेच, आणि ती संमतीच्या अर्जातल्या अटींमध्ये स्पष्ट लिहून घेतलेली बरी.

जानेवारीतच मी दुसऱ्या वकीलबाई ठरवल्या होत्या. प्राधिकरणाकडूनही वकील मिळाले असते, पण घराचे कागद गुंतागुंतीचे होते म्हणून खासगी केल्या. एकूण फी ४० हजार, तीन हप्त्यांत, आणि ती पहिल्याच दिवशी लिहून घेतली: अर्ज, समुपदेशन, शेवटची तारीख, सगळं धरून. 'प्रत्येक तारखेला इतके' अशी फी संमतीच्या अर्जाला मान्य करू नका. लेकीच्या बाबांचे वकील वेगळे होते. खर्च वाचावा म्हणून दोघांत एकच वकील करतात, पण घर आणि पोटगीचा व्यवहार असेल तर आपला मसुदा आपल्या माणसाने वाचलेला बरा. स्त्रीने केलेल्या घटस्फोटाच्या किंवा पोटगीच्या अर्जाला महाराष्ट्रात न्यायालयीन शुल्क माफ आहे, १९९४ पासून. टंकलेखन, नोटरी, झेरॉक्स, फोटो यांत माझे साधारण दोन हजार गेले.

आता कागद. आमचं लग्न नोंदवलेलंच नव्हतं. घटस्फोटासाठी आधी लग्न सिद्ध करा, हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. वकीलबाई म्हणाल्या, लग्नपत्रिका आणि सप्तपदीचा फोटो आणा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडू. माझ्याकडे पत्रिका नव्हती. आईला फोन केला. दोन मिनिटं ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ट्रंकेत आहे. शालूच्या घडीत." दादाच्या हातून पाठवून दिली, प्लास्टिकच्या पिशवीत, वर हळदीचा जुना डाग. मूळ कागद शक्यतो हातातून सोडू नका; प्रत जोडा आणि मूळ फक्त दाखवा. द्यावाच लागला तर तो परत मिळण्याचा अर्ज करता येतो, हे लक्षात ठेवा.

अर्ज कुठे करायचा हाही प्रश्न होता, कारण लग्न सांगलीत, ते विदर्भात, मी पुण्यात. लग्न जिथे झालं, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, समोरचा पक्ष जिथे राहतो, किंवा बायको अर्जदार असेल तर ती जिथे राहते, यांपैकी कुठेही चालतं. आम्ही पुणे धरलं.

२२ एप्रिल २०२४, सोमवार. अर्ज दाखल. त्या दिवशी दोघांनाही जावं लागलं. सकाळी साडेदहाला गेलो, बाहेर पडलो तेव्हा चार वाजले होते. डबा, पाण्याची बाटली आणि दोन पेनं घेऊन जा. प्रत्येक पानावर सह्या असतात. अर्जाला क्रमांक पडला की सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक मिळतो. तो मोबाइलमध्ये जपून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख स्वतः बघता येते, दर वेळी वकिलांना फोन करावा लागत नाही. मला त्या एका क्रमांकाने फार धीर दिला.

मग उन्हाळी सुट्टी. १८ जूनला समुपदेशन.

याची मला सगळ्यात जास्त भीती होती. वाटत होतं समजूत घालतील, जोर करतील, मुलीची शपथ घालतील. विवाह समुपदेशक मॅडमनी आम्हाला आधी वेगवेगळं बसवलं. मला पहिला प्रश्न विचारला, "ही सही तुम्ही कोणाच्या दबावाखाली करताय का?" दुसरा, "पुढचा महिना कसा चालवणार, हिशेब केला आहे का?" कोणीही मला इतक्या सरळ विचारलं नव्हतं. अटींत 'यापुढे पोटगी मागणार नाही' असं वाक्य होतं. त्या वाक्यावर बोट ठेवून त्यांनी मला ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावलं. मग आम्हाला एकत्र बसवून विचारलं, परत येण्याची काही शक्यता? ते खाली बघत होते. मी म्हटलं, "नाही, मॅडम." त्यांनीही तेच सांगितलं, अगदी हळू आवाजात. चाळीस मिनिटं लागली. कोणी दटावलं नाही.

बाहेर बाकावर ते म्हणाले, "बाबा गेले तेव्हा मी थांबायला हवं होतं." तीन वर्षं मी त्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं तेव्हा माझा निर्णय बदलला नाही, पण राग गेला. हे न्यायालयाच्या कोणत्याही कागदात नाही, पण माझ्यासाठी त्या दिवसाची कमाई तीच.

अर्ज दाखल केल्यानंतर सहा महिने थांबावं लागतं. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा काळ सक्तीचा नाही: अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळे राहिले असतील, समेटाचे प्रयत्न संपले असतील, आणि पोटगी, मुलं, घर यांचं सगळं मिटलं असेल तर तो माफ करता येतो. आमचं दीड वर्ष भरलं होतं. त्यांच्या वकिलांना माफीचा अर्ज करायचा होता. मी नाही म्हटलं, कारण घराचं मिटलेलं नव्हतं. आज वाटतं, तो हट्ट बरोबर होता. हे सहा महिने रिकामे नसतात. जी कामं पती-पत्नी असतानाच सोपी असतात, ती याच काळात करून घ्यायची असतात.

माझ्यासाठी अशी दोन कामं होती.

पहिलं, आरोग्यविमा. आमची कुटुंबाची एकच पॉलिसी त्यांच्या नावावर होती. मला मधुमेह आहे. नवीन पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पण नूतनीकरणाच्या वेळी पोर्ट करून, म्हणजे जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे वळवून, स्वतंत्र पॉलिसी घेतली तर आधी काढलेली वर्षं धरली जातात. त्यासाठी नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. आमची तारीख ऑगस्टमधली होती. मी जूनच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज केला. हुकूमनामा हातात पडल्यावर जागी झाले असते तर पुढची काही वर्षं साखरेच्या प्रत्येक दुखण्याचा खर्च माझ्या अंगावर आला असता.

दुसरं, घर. कोथरूडचा फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज ४ लाख ८० हजार बाकी. ठरलं असं की ते त्यांचा अर्धा हिस्सा मला देतील, उरलेलं कर्ज मी फेडायचं, आणि मी पोटगी मागायची नाही. लेकीची फी आणि वसतिगृह त्यांच्याकडे. बँकेला मी विचारलं की कर्ज माझ्या एकटीच्या नावावर करता येईल का. माझ्या पगारावर ते बसत नाही, असं उत्तर यायला पाच आठवडे गेले. मग एकच मार्ग राहिला: कर्ज एकदम फेडून टाकायचं. २३ जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि भाव खाली आला. मी पाटल्या आणि तोडे त्याच आठवड्यात मोडले. आठ दिवस आधी गेले असते तर जास्त मिळाले असते, हे मला माहीत होतं. पण बँकेची पुढची व्याजाची तारीख समोर होती आणि मला ते ओझं संपवायचं होतं. उरलेले पैसे मुदत ठेव मोडून भरले. ऑगस्टअखेर 'कर्ज नाही' असा दाखला आणि मूळ कागद हातात आले. मूळ कागद घेताना यादीवर टिक करत एकेक पान तपासा. माझ्या संचात ताबापत्र नव्हतं, ते आणखी बारा दिवसांनी मिळालं.

हिस्सा देण्यासाठी बक्षीसपत्र केलं. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा आईवडिलांनी मुलांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये असतं. बाकीचे अधिभार शहराप्रमाणे वेगळे, ते आधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. पण ही सवलत बायकोला आहे, घटस्फोटित बायकोला नाही. हुकूमनाम्यानंतर हेच केलं असतं तर पूर्ण दराने शुल्क लागलं असतं, म्हणजे काही लाख. मसुदा मात्र वकिलांकडूनच करून घ्या आणि अटींशी जुळवून घ्या.

नोंदणीची तारीख निघाली २४ सप्टेंबर. पितृपक्ष. आई म्हणाली, "पितृपंधरवड्यात घराचा कागद करतात का कोणी?" कोणी करत नाही, म्हणूनच कार्यालय रिकामं होतं. एरवी जिथे अर्धा दिवस जातो तिथे आमचा पन्नास मिनिटांत अंगठा, फोटो, सगळं झालं. बाहेर येऊन आईला फोन केला आणि सांगितलं, "बाबांचाच पक्ष चालू आहे. त्यांनी दिलेल्या सोन्यातून घर सुटलं. त्यांना आवडेल." ती काही बोलली नाही. पण नंतर तिने शुभ-अशुभाचा विषय काढला नाही.

२२ ऑक्टोबरला सहा महिने झाले. दिवाळी गेली. तारीख १२ नोव्हेंबर मिळाली, पण २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं आणि लेकीच्या बाबांना निवडणुकीची ड्यूटी लागलेली. रजा मिळाली नाही. संमतीच्या अर्जात शेवटच्या दिवशी दोघंही लागतात, म्हणून तारीख पुढे गेली. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो, हे मला माहीत होतं. त्या तीन आठवड्यांत मी ॲप दिवसातून पाच वेळा उघडत होते. घर माझ्या नावावर झालं होतं, आता ते फिरले तर? ते फिरले नाहीत. १ डिसेंबरला त्यांचा मेसेज आला, "रेल्वेचं तिकीट झालं आहे. मंगळवारी दहाला पोचतो." एवढंच.

३ डिसेंबर. पुकारा झाला तेव्हा पावणेदोन वाजले होते. आत सात-आठ मिनिटं. न्यायाधीशांनी दोघांना वेगवेगळं विचारलं, अटी समजल्या का, पूर्ण झाल्या का, स्वखुशीने आहे का. मी "हो" म्हटलं तेव्हा आवाज फुटेना, पुन्हा म्हणावं लागलं. जिन्यावरून उतरताना त्यांनी माझ्या हातातली जड पिशवी घेतली आणि रिक्षापर्यंत आणून दिली. बावीस वर्षांची सवय.

प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करा आणि एकदम तीन प्रती मागा. बँक, सोसायटी आणि मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद असे तीन ठिकाणी मूळ प्रत दाखवावी लागली. प्रती मला १९ डिसेंबरला मिळाल्या. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, त्यामुळे पुढे थांबण्याचं काही राहत नाही. नावाचं म्हणाल तर आडनाव बदलावंच लागतं असं नाही. मी लेकीसारखंच ठेवलं आहे. बदलायचं असेल तर राजपत्रात नाव द्या, आणि मग आधार, पॅन, बँक अशा क्रमाने जा. मृत्युपत्र आणि नॉमिनी मात्र त्याच महिन्यात बदला. माझ्या भविष्यनिर्वाह निधीवर त्यांचंच नाव होतं, ते मला जानेवारीत लक्षात आलं.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सांगलीला गेले. आई शेजारणींना काय सांगत होती मला माहीत नाही, मी विचारलं नाही. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "ती पत्रिका कुठे आहे? कोर्टात राहिली का?" मी पर्समधून काढून दिली, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत. तिने चष्मा लावला, पूर्ण वाचली, अगदी खालच्या 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत. मग ट्रंक उघडून ती पुन्हा शालूच्या घडीत ठेवली.